आरोग्यसेवेची कसोटी रोग्याच्या घरी

एखाद्या जिल्ह्यातील आरोग्यसेवा कार्यक्षम आहे की नाही, हे ठरविण्याची एक सोपी रीत रूढ आहे. दवाखाने किती, डॉक्टर किती, खाटा किती आणि औषधांवर खर्च किती झाला, याचे आकडे मांडावयाचे व त्यांवरून निष्कर्ष काढावयाचा. ही रीत सर्वस्वी चुकीची नव्हे; परंतु ती अपुरी आहे. दवाखाना एकाच नमुन्याचा, औषधे तीच आणि कर्मचारीही सारखेच शिकलेले असूनही एका तालुक्यात रोगी बरे होतात आणि शेजारच्या तालुक्यात ते अर्ध्यावर उपचार सोडतात. या फरकाचे कारण दवाखान्याच्या भिंतींच्या आत शोधून सापडत नाही. ते रोग्याच्या मजुरीत, त्याच्या ताटात, घरापासून दवाखान्यापर्यंतच्या वाटेत आणि शेजाऱ्यांच्या नजरेत शोधावे लागते.

ही गोष्ट क्षयरोगाने जितकी स्पष्ट करून दाखविली आहे, तितकी दुसऱ्या कोणत्याही रोगाने क्वचितच दाखविली असेल. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये जगापुढे आणले. स्ट्रेप्टोमायसीनचा शोध १९४३ मधला, तर आयसोनियाझिडचा उपयोग १९५२ पासूनचा. म्हणजे रोगाचे कारण ठाऊक होऊन सुमारे दीड शतक आणि त्यावरील गुणकारी औषध हाती येऊन सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तरीही २०२३ मध्ये जगातील एकूण नव्या क्षयरुग्णांपैकी सुमारे २६ टक्के रुग्ण एकट्या भारतात होते. ज्ञान आहे, औषध आहे, ते सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. मग उणीव कोठे आहे? या प्रश्नाचे उत्तर भारतातील संशोधकांनीच टप्प्याटप्प्याने दिलेले आहे. मात्र त्या उत्तराचा एकच भाग दीर्घकाळ वाचला गेला आणि दुसरा दुर्लक्षित राहिला.

मद्रासचा प्रयोग

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात क्षयरोग्यास आरोग्यधामात ठेवून विश्रांती, मोकळी हवा आणि पौष्टिक आहार द्यावयाचा, हीच उपचारांची सर्वमान्य पद्धती होती. परंतु १९५५ ते १९५८ या काळात झालेल्या देशव्यापी पाहणीवरून क्षयाचे रुग्ण लाखांच्या संख्येने आहेत आणि ते शहरांइतकेच खेड्यांतही आहेत, असे दिसून आले. आरोग्यधामांतील खाटा मात्र हजारांतच मोजण्याजोग्या होत्या. प्रत्येक रोग्यास खाट द्यावयाची म्हटले, तर कित्येक पिढ्या वाट पाहावी लागली असती.

या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता व वॉलेस फॉक्स हे त्याचे पहिले प्रमुख होते. शहरातील गरीब वस्त्यांतील रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट करण्यात आले. एका गटास आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्यास घरीच राहू दिले. औषधे मात्र दोन्ही गटांस एक वर्षभर तीच दिली. आरोग्यधामातील रोग्यांस चांगला आहार व विश्रांती मिळाली. घरी राहणाऱ्यांचा आहार निकृष्ट होता, घरे दाटीची होती आणि त्यांपैकी कित्येकांना कामेही करावी लागत होती. तथापि १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे दोन्ही गटांतील रोगी जवळजवळ सारख्याच प्रमाणात बरे झाले. घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांत रोगाचा फैलाव अधिक झाला, असेही आढळले नाही.

या निष्कर्षाने जगभरातील क्षयोपचाराची दिशा पालटली. खाटांची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. गरीब देशालाही आपल्या रोग्यांना बरे करता येईल, हा विश्वास मद्रासने दिला आणि त्याचे मोल कधीही कमी लेखता येणार नाही.

परंतु या प्रयोगावरून पुढे जो व्यावहारिक अर्थ काढला गेला, तो अर्धाच होता. ‘आहार निकृष्ट असूनही रोगी बरे झाले, तेव्हा आहाराची चिंता करण्याचे कारण नाही, औषध पुरेसे आहे,’ असे मानले जाऊ लागले. घरी राहणाऱ्या त्या रोग्यांपर्यंत औषध कसे पोहोचत होते, हे मात्र विस्मरणात गेले. केंद्रातील कर्मचारी त्यांच्या घरी जात, कधी न कळविताही जात. शिल्लक गोळ्या मोजल्या जात, औषध खरोखर पोटात गेले की नाही हे लघवीच्या तपासणीवरून पाहिले जात असे. नेमल्या दिवशी रोगी आला नाही, तर त्याचा शोध घेतला जाई. म्हणजे मद्रासला केवळ औषधाने यश दिले नाही. रोग्याच्या दारापर्यंत चालत गेलेल्या सेवेने दिले. औषध सर्व देशाने उचलले. ते चालणे मात्र मागे राहिले.

तुमकूरने दिलेली साक्ष

बंगलोर येथे १९५९ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तिच्या वतीने डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तत्कालीन म्हैसूर राज्यातील तुमकूर जिल्ह्यात एक पाहणी केली. ती १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. खेड्यातील लोक अडाणी असतात, त्यांना रोगाची जाणीव नसते, म्हणून ते दवाखान्यात येत नाहीत, अशी समजूत तेव्हा सार्वत्रिक होती. पाहणीत नेमके उलटे चित्र दिसले. क्षय झालेल्या बहुतेक सर्व लोकांना आपल्या खोकल्या-तापाची पूर्ण जाणीव होती. बहुसंख्य लोक त्याने चिंतेत होते. आणि सुमारे निम्मे लोक त्यासाठी दवाखान्यात जाऊनही आले होते. तेथे त्यांच्या थुंकीची तपासणी झाली नाही. खोकल्याच्या औषधाची बाटली हाती देऊन त्यांची बोळवण करण्यात आली.

या पाहणीचे महत्त्व वैद्यकीय आहे, त्याहून अधिक नैतिक आहे. रोगी सेवेकडे येत नाही, असे मानणारी सेवा आपल्या दारी आलेल्या रोग्यालाच ओळखत नव्हती. गरीब मनुष्य रोगाविषयी उदासीन असतो, हा आरोप खोटा ठरला. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात, खोकला घेऊन येणाऱ्या रोग्याची थुंकी सामान्य दवाखान्यातच तपासावी, हे तत्त्व स्वीकारले गेले, ते अशाच अभ्यासांच्या आधारे.

तरीही जुन्या समजुतीचे बीज भाषेत टिकून राहिले. उपचार अर्धवट सोडणाऱ्या रोग्याची नोंद कित्येक दशके ‘कसूर करणारा’ अशा अर्थाच्या शब्दाने होत असे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये तो शब्द आपल्या व्याख्यांतून काढून टाकला आणि ‘ज्याचा पाठपुरावा तुटला’ अशा अर्थाचा शब्द योजिला. हा बदल केवळ सौजन्याचा नाही. पहिल्या शब्दात दोष रोग्याच्या माथी जातो. दुसऱ्यात पाठपुरावा करण्याचे काम कोणाचे होते, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

विनामूल्य औषधाची किंमत

सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते, हे खरे. पण ते आणावयास जाणे फुकट नसते. रोजंदारीवर जगणाऱ्या मजुरास थुंकीचा नमुना देण्यासाठी एक दिवस खाडा करावा लागतो, निकाल कळण्यासाठी दुसरा. त्यात मोटारगाडीचे भाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी मिळवावी. देशात १९९७ पासून विस्तारलेल्या सुधारित कार्यक्रमात बहुसंख्य रोग्यांनी आठवड्यातून तीन दिवस औषध घ्यावयाचे आणि प्रारंभीच्या महिन्यांत त्याची प्रत्येक मात्रा कोणाच्या तरी देखरेखीखाली घ्यावयाची, अशी पद्धत होती. शिस्तीच्या दृष्टीने ती योग्य होती आणि तिने असंख्य रोग्यांचे प्राण वाचविले. परंतु ज्याच्या गावात देखरेख करणारे कोणी नव्हते, त्याच्यासाठी प्रत्येक मात्रा म्हणजे एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणे होते. दररोजच्या मात्रांची पद्धती २०१७ मध्ये देशभर लागू झाली.

दोन-तीन आठवडे औषध घेतले की खोकला थांबतो, ताप उतरतो, अंगात बळ येते. उपचार मात्र साधारणतः सहा महिने चालू ठेवावे लागतात. ज्याच्या घरी चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला ‘बरे वाटते आहे’ आणि ‘बरा झालो आहे’ यांतील फरक पाळणे परवडत नाही. तो कामावर जातो; औषध थांबते. शरीरात उरलेले जंतू त्या औषधांना जुमानेनासे होतात आणि पुढे तोच रोग अधिक दुर्धर रूपाने त्याच्या कुटुंबात व शेजारात पसरतो. एका मजुराचा बुडालेला रोज अशा रीतीने सबंध समाजाच्या आरोग्याचा प्रश्न बनतो.

स्थलांतराने ही अडचण दुप्पट होते. मराठवाड्यातील बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. ओडिशातील बलांगीर भागातून लोक वीटभट्ट्यांवर जातात ते पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. उपचाराचे सहा महिने आणि हंगामाचे महिने जवळजवळ एकमेकांवर येतात. गावच्या दवाखान्यात नाव नोंदविलेला रोगी परजिल्ह्यातील फडावर किंवा परराज्यातील भट्टीवर असतो. तेथील दवाखान्याला त्याची ओळख नसते. गावच्या दवाखान्याला त्याचा पत्ता नसतो. हल्ली रोग्यांची नोंद संगणकावर असते, त्यामुळे एका ठिकाणची माहिती दुसरीकडे पाठविणे शक्य झाले आहे. पण हंगाम सुरू होण्यापूर्वी मुकादमाच्या टोळ्या कोठे निघाल्या, हे विचारून औषधाची व्यवस्था करणारा कर्मचारी नसेल, तर संगणक आपल्या आपण काही करीत नाही.

स्त्रियांची स्थिती आणखी बिकट असते. क्षय झाल्याचे कळले तर विवाह मोडेल, सासरचे लोक माहेरी धाडतील, या भीतीने कित्येक जणी रोग लपवितात. ज्या दवाखान्याच्या दारात उभे राहिल्याने रोगाचे नाव गावभर होते, तो दवाखाना त्यांच्यासाठी जवळ असूनही दूर असतो. अंतर नेहमीच कोसांत मोजता येत नाही.

दोष नेहमी रोग्याचाच असतो, असेही नाही. २०२४ च्या प्रारंभी क्षयाच्या काही औषधांचा देशात तुटवडा पडला आणि ती स्थानिक पातळीवर खरेदी करण्याची सूचना राज्यांस द्यावी लागली. दवाखान्यातून रिकाम्या हाताने परतलेल्या रोग्याचे औषध थांबले, तर ती कसूर कोणाची, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

झारखंडने पूर्ण केलेला निष्कर्ष

आहाराचा जो प्रश्न मद्रासनंतर बाजूस पडला, तो सहा दशकांनी झारखंडमध्ये पुन्हा विचारला गेला. अनुराग भार्गव आणि माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखाली २०१९ ते २०२२ या काळात त्या राज्याच्या चार जिल्ह्यांत एक मोठा प्रयोग झाला. त्यात २,८०० रोगी आणि त्यांच्या घरांतील १०,३४५ माणसे होती. सर्व रोग्यांस औषधांबरोबर दरमहा शिधा देण्यात आला. निम्म्या भागांत रोग्याच्या कुटुंबीयांसही शिधा दिला: प्रौढ माणसामागे महिन्यास ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. उरलेल्या भागांत कुटुंबीयांस तो दिला नाही.

निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या कुटुंबांना शिधा मिळाला, त्यांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होते; इतरांना बाधा देणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण तर ४८ टक्क्यांनी कमी होते. शिवाय उपचारांच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्या रोग्यांचे वजन ५ टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूची शक्यता सुमारे ६१ टक्क्यांनी कमी आढळली. तांदूळ आणि डाळ यांनी जे साधले, ते एखाद्या लशीने साधले असते, तर तिचे नाव घरोघरी झाले असते.

यात मद्रासच्या निष्कर्षाचे खंडन नाही. नियमित औषध मिळाले तर उपाशीपोटीही जंतू मरतात, हे मद्रासने दाखविले. पण उपासमारीमुळे शेजारच्या अंथरुणावर दुसरा रोगी तयार होतो आणि अत्यंत कृश रोगी औषधाचा गुण येण्यापूर्वीच दगावतो, हे झारखंडने दाखविले. दोन्ही मिळून सत्य पुरे होते.

शासनाने या दिशेने पावले टाकली आहेत. २०१८ पासून क्षयरोग्यांस पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देण्याची योजना सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. परंतु ही रक्कम बँकेच्या खात्यात जमा होते. ज्याचे खाते नाही, ज्याची कागदपत्रे गावी राहिली आहेत किंवा ज्याची बँक डोंगरापलीकडे आहे, त्याला ती उशिरा मिळते वा मिळतच नाही. म्हणजे ज्याला गरज सर्वांत मोठी, त्याच्यापर्यंत पोहोचण्यात अडथळेही सर्वांत मोठे. काही प्रदेशांत रोख रकमेपेक्षा रेशनच्या दुकानातून मिळालेला जिन्नस अधिक उपयोगी पडेल. काही शहरांत रोख रक्कमच सोयीची ठरेल. हे दिल्लीत बसून एकाच आदेशाने ठरविण्याजोगे नाही.

दोन आक्षेप

या विचारावर दोन बाजूंनी आक्षेप घेतले जातात. प्रशासकांचा आक्षेप असा की, दारिद्र्य दूर करणे हे आरोग्य खात्याचे काम नव्हे. त्याने औषध द्यावे आणि इतर गोष्टी इतर खात्यांवर सोपवाव्यात. दुसरा आक्षेप याच्या नेमका उलट आहे. इंग्लंडमध्ये स्ट्रेप्टोमायसीन निघण्यापूर्वीच क्षयाचे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले होते. तेव्हा दारिद्र्य हटल्याखेरीज दवाखान्यांनी काही साधणार नाही, असे काही विचारवंत म्हणतात.

दोन्ही मते कृतीतून सुटका करून घेणारी आहेत. दारिद्र्य संपेपर्यंत थांबा, असे आज रक्ताची गुळणी टाकणाऱ्या मजुरास सांगता येत नाही आणि थांबण्याची गरज नाही, हे मद्रासने सिद्ध केले आहे. त्याचबरोबर दारिद्र्य ही आरोग्य खात्याच्या कक्षेबाहेरची गोष्ट आहे, हेही खरे नाही. पूल बांधणारा अभियंता नदीला येणारा पूर आपल्या खात्याचा नाही, असे म्हणून चालत नाही. पुराची उंची धरूनच त्याला खांब उभे करावे लागतात. रोग्याची मजुरी, अंतर, उपासमार आणि लोकलज्जा या त्या प्रदेशातील पुराच्या खुणा होत. त्या न पाहता उभारलेली सेवा पहिल्याच पावसाळ्यात वाहून जाते आणि मग दोष नदीला दिला जातो.

असा पूल बांधता येतो, याची उदाहरणे आहेत. तमिळनाडूने २०२२ पासून निदान होताच प्रत्येक रोग्याचे वजन, श्वासाची गती व रक्तातील प्राणवायू पाहून, अत्यंत कृश किंवा अत्यवस्थ रोग्यास तत्काळ रुग्णालयात दाखल करण्याची पद्धती घालून दिली. तिच्यासाठी लागणारे मुख्य साधन म्हणजे एक वजनकाटा आणि तो रोज वापरणारी परिचारिका. क्षयाखेरीज अन्य क्षेत्रांतही हेच तत्त्व खरे ठरले आहे. गडचिरोली जिल्ह्यात आजारी नवजात अर्भकास रुग्णालयात नेणे बहुतेक कुटुंबांस शक्य नसे. तेव्हा अभय बंग व राणी बंग यांच्या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून अर्भकांची शुश्रूषा घरोघरी नेली. १९९५ ते १९९८ या काळातील या प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा तेथील नवजात अर्भकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. तेथे नवे रुग्णालय उभे राहिले नाही. सेवेने आपली जागा बदलली.

काय मोजावे

यास्तव आरोग्यसेवेची कार्यक्षमता मोजण्याची रीत बदलली पाहिजे. किती गोळ्या वाटल्या, यासोबत एका रोग्यास बरे होईपर्यंत किती रोज बुडवावे लागले, हे प्रत्येक जिल्ह्याने मोजावे. पहिल्या खोकल्यापासून निदानापर्यंत किती आठवडे गेले आणि मधल्या काळात त्याने किती दारे ठोठावली, हे विचारावे. दोन महिन्यांनी त्याचे वजन वाढले की घटले, याची नोंद ठेवावी. ज्याचा पाठपुरावा तुटला, त्याच्या नावापुढे तो कामासाठी कोठे गेला, हे लिहावे. या चारही गोष्टी मोजण्यास महाग यंत्रे लागत नाहीत. त्यांची उत्तरे बीडमध्ये एक येतील, बलांगीरमध्ये दुसरी आणि मुंबईच्या दाटीच्या वस्तीत तिसरी. त्या त्या उत्तरांप्रमाणे सेवेची वेळ, जागा आणि माणसे ठरविण्याचा अधिकार व पैसा जिल्ह्यापाशी असला पाहिजे.

२०१८ मध्ये भारताने २०२५ पर्यंत क्षयाचे निर्मूलन करण्याचा संकल्प जाहीर केला. दर लाख लोकसंख्येमागे नव्या क्षयरुग्णांचे प्रमाण २०१५ मध्ये २३७ होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये ते १८७ पर्यंत उतरले. ही घट मोठी आहे आणि ती साधणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या श्रमांचा गौरव झालाच पाहिजे. पण संकल्प आणि १८७ हा आकडा यांतील अंतर अद्याप फार मोठे आहे. ते केवळ अधिक औषधे पाठवून तुटणार नाही. औषधाचा प्रवास कारखान्यापासून जिल्ह्याच्या कोठारापर्यंत आज सुखाने होतो. शेवटचे काही कोस, म्हणजे कोठारापासून रोग्याच्या उंबरठ्यापर्यंतची वाट, हीच खरी अवघड आहे आणि आरोग्यसेवेची कसोटी त्याच वाटेवर लागावयाची आहे.